पटावरची पोरं आणि भट्टीवरची पोरं

 

बायांनो, भावांनो, आपल्या पत्रकात दर वेळी जमिनीचं लिहून येतं. दावे कुठं अडले, कोणाचा प्लॉट मोजला, कोणाचा राहिला. या वेळी आम्ही शाळेचं लिहितो आहोत. काही जण म्हणतील, जमिनीचं काम अर्धं पडलंय आणि ही पोरं शाळेचं काय घेऊन बसली? आम्ही सांगतो की हे कामही तेच आहे. शेवटपर्यंत वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

आम्ही म्हणजे संघटनेतली तरुण पोरं-पोरी. बहुतेक जण बारावीपर्यंत शिकलो. चौथीपर्यंत पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत, मग आश्रमशाळेत, मग तालुक्याला. आमच्या बरोबर पहिलीत बसलेली बाकीची पोरं कुठं गळाली ते आम्हाला माहीत आहे. काही भट्टीवर गेली, काही गुरांमागं गेली, पोरी लहान भावंडं सांभाळायला घरी राहिल्या. तेव्हा कोणी विचारलं नाही. शाळेच्या कागदावर सगळं बरोबर होतं.

आता आम्ही काय बघितलं ते सांगतो. गेल्या पौषात आम्ही चौघं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलो होतो. आपली माणसं उचल घेऊन तिकडं गेलेली, त्यांचा हिशोब बघायचा होता. एका भट्टीवर आपल्याच पाड्याची एक पोर दिसली. कडेवर भाऊ, आणि एका हातानं कच्च्या विटा उलट्या करत होती. आम्ही विचारलं, "शाळेत कितवीला गं?" ती म्हणाली, "तिसरीला आहे." खरंच तिसरीला आहे ती. घरी परत आल्यावर आम्ही शाळेत जाऊन बघितलं. हजेरीत तिचं नाव होतं आणि नावापुढं त्या सगळ्या दिवसांची 'ह' होती. भट्टीवर विटा उलटणारी पोर कागदावर शाळेत हजर होती.

ती एकटी नव्हती. दिवाळी झाली की आपला पाडा अर्धा रिकामा होतो. वर्गात म्हातारी माणसं सांभाळतात ती पोरं, आणि ज्यांच्या घरी भात पुरतं त्यांची पोरं, एवढीच उरतात. पण पट कमी होत नाही.

आम्ही गुरुजींना विचारलं. भांडायला गेलो नव्हतो. गुरुजी खाली बघून म्हणाले, "गैरहजेरी दाखवली तर वरून विचारतात, तुमचा पट का घसरला. तांदूळ कमी येतो. पद जाईल म्हणतात. मी काय करू?" मग त्यांनीच सांगितलं की शाळेला दोन शिक्षक मंजूर आहेत. दुसरे कागदावर इथंच आहेत, पण कामगिरीवर तालुक्याला काढून घेतले आहेत. पगार या शाळेच्या नावावर निघतो, माणूस तिकडं बसतो. चार वर्ग एका खोलीत आणि शिकवणारा एक. तो एक मीटिंगला गेला की खिचडी शिजवणारी मावशीच शाळा सांभाळते.

म्हणजे बघा. आपल्या शाळेच्या कागदावर जास्तीची पोरं आहेत आणि जास्तीचे गुरुजी आहेत. दोघेही शाळेत नाहीत. कागद मात्र भरलेला आहे.

हे वाचून कोणाला जंगलखात्याची आठवण आली नाही का? आम्हाला आली. जंगलखात्याच्या नकाशावर आपण नव्हतो. आजोबाने नांगरलेलं शेत तिथं होतं, बांध होता, आंब्याचं झाड होतं, आणि नकाशावर नुसतं जंगल होतं. तिथं आपण असून नव्हतो, इथं पोरं नसून आहेत. खोटं उलट्या बाजूनं आहे, पण लिहिणारा हात एकाच ठिकाणचा आहे. तो तालुक्यात बसून लिहितो, पाड्यावर येऊन मोजत नाही.

जमिनीच्या वेळी आपण काय केलं? आपण म्हटलं, तुमचा नकाशा राहू द्या, आम्ही आमचं मोजतो. वनहक्क समिती बसवली, दोरी धरली, चारी बाजूचे शेजारी उभे केले, म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घेतला, ग्रामसभेत वाचला. मग तो कागद कोणाला फेकता आला नाही. शाळेचंही आपल्याला असंच करावं लागेल. आमचं सांगणं एवढंच आहे. शाळेचा पट आपण मोजायचा, ग्रामसभेत वाचायचा.

सरकार पट मोजत नाही असं नाही. दर वर्षी ३० सप्टेंबरची संख्या धरून शाळेची माहिती वर जाते. आता ३० सप्टेंबर म्हणजे काय? लावणी होऊन गेलेली, भात पोटरीला आलेलं, सगळी माणसं घरी. वर्षातला सगळ्यात भरलेला दिवस तो. महिन्याभरात दिवाळी, आणि दिवाळीनंतर मुकादम जीप घेऊन उभा. त्या एका दिवसाच्या आकड्यावर पूर्ण वर्षाचा हिशोब चालतो. माघ-फाल्गुनात कोणी मोजायला येत नाही, कारण तेव्हा मोजलं तर सगळ्यांचीच अडचण होईल.

२०११ च्या ऑक्टोबरात ३ ते ५ तारखेला राज्यभर पटपडताळणी झाली. दुसऱ्या खात्याची माणसं आली, पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली, म्हणजे एक पोर दोन शाळांत दाखवता येऊ नये. राज्यात लाखो पोरं नुसती कागदावर सापडली. ज्यांनी पोरं नसताना तुकड्या दाखवून अनुदान खाल्लं त्यांना पकडलंच पाहिजे. पण आपल्याकडं त्या तीन दिवसांत काय झालं ते आठवा. हळवं भात कापणीला आलेलं. काही पोरं शेतावर होती, ती बोगस ठरली. आणि जी पोरं त्या दिवशी वर्गात शाई लावून बसली, त्यातली कितीतरी महिन्याभरात भट्टीवर गेली, ती मात्र खरी ठरली. शाईनं चोरी सापडते. पोर कुठं गेलं ते सापडत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, त्यात शिक्षक किती लागतात ते लिहिलं आहे. पहिली ते पाचवीसाठी असं:

६० पोरांपर्यंत २ शिक्षक.
६१ ते ९० पोरं असली तर ३.
९१ ते १२० असली तर ४.
१२१ ते २०० असली तर ५. आणि १५० च्या वर पट गेला की मुख्याध्यापक वेगळा.

पहिली ओळ नीट वाचा. "६० पर्यंत दोन." म्हणजे पाड्यावर साठ पोरं असोत, वीस असोत नाहीतर सात असोत, गुरुजी दोनच लागतात. मग पट घसरला तर दुसरं पद जाईल, ही भीती कायद्यात बसत नाही. आपल्या लहान पाड्यांना खोटी पोरं दाखवायची गरजच नाही. गुरुजींनाही हे सांगा. त्यांनाही भीतीच घातलेली आहे.

आणखी काही कलमं लिहून ठेवा, उपयोगाला येतात.

कलम २६ म्हणतं की मंजूर पदांपैकी शंभरात दहापेक्षा जास्त पदं रिकामी ठेवता येत नाहीत. दोन शिक्षकांच्या शाळेत एक पद रिकामं म्हणजे निम्मं रिकामं झालं.

कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्तीचं काम आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या बिगरशाळेच्या कामाला लावता येत नाही. मग तालुक्याच्या ऑफिसात बसून टपाल लिहिणं यातलं कोणतं काम आहे?

कलम ९ म्हणतं की स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातल्या पोरांना शाळेत घेणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. म्हणजे भट्टी ज्या गावात आहे तिथल्या शाळेनं आपल्या पोराला वर्षाच्या मध्येही घ्यायचं. कलम ५ प्रमाणे दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नाही म्हणता येत नाही. पूर्वी भट्ट्यांवर भोंगा शाळा निघाल्या, आपली पोरं भोंग्यात बसून शिकली. म्हणजे हे होऊ शकतं. पण कोणतं पोर कोणत्या भट्टीवर आहे हेच कागदावर नसेल, उलट ते पाड्यावर हजर आहे असं लिहिलं असेल, तर तिकडचा शिक्षक त्याला कशाला शोधेल? खोटी हजेरी पोराला दोन्हीकडून मारते.

कायद्यात प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी. आपल्या पाड्यावरच्या शाळा चौथीवर संपतात. पाचवीला पोरानं ओढा ओलांडून जायचं नाहीतर आश्रमशाळेत. पोरी तिथंच थांबतात. शाळांना कायद्याप्रमाणे नीट करायला तीन वर्षांची मुदत दिली होती, ती ३१ मार्च २०१३ ला संपली. 

आता पटाच्या आत कोण आहे ते बोलू. शाळेच्या माहितीच्या कागदात आपल्यासाठी एकच रकाना असतो, अनुसूचित जमाती. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी, सगळे त्या एका रकान्यात. रकाना भरला की साहेबांना वाटतं सगळे आदिवासी शिकत आहेत. आम्ही आमच्या शाळेत नाव-नाव करून बघितलं तर कातकरी वाडीवरची पोरं पहिलीत दिसली आणि तिसरीत दिसेनाशी झाली. वाडी शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. सरकार कातकऱ्यांना आदिम जमात म्हणतं, त्यांच्यासाठी वेगळ्या योजना काढतं, पण पटात त्यांचं वेगळं नाव नाही, म्हणून गळालेलं कोणाला दिसलं नाही.

आणि हे फक्त सरकारला दिसलं नाही असं नाही. आपल्यालाही दिसलं नाही. आपण मोर्चाला जाताना कातकरी वाडीला हाक मारतो. शाळेच्या मीटिंगला मारतो का? आपलीच पोरं त्या पोरांना शेजारी बसू देत नाहीत, हे आम्ही डोळ्यानं बघितलं. हे लिहिताना आम्हाला बरं वाटत नाही, पण आपल्या पत्रकात नाही लिहायचं तर कुठं लिहायचं?

भाषेचंही तसंच. आपलं पोर पहिलीत जातं तेव्हा घरची बोली घेऊन जातं. पुस्तकातली मराठी त्याच्या कानाला नवी असते. पोर "नाय" म्हणालं की गुरुजी म्हणतात "नाही" म्हण. दोन-चार वेळा तसं झालं की पोर बोलायचंच बंद होतं, आणि कागदावर शेरा येतो, अप्रगत. कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलं आहे की जमेल तिथवर शिकवणं पोराच्या मातृभाषेत व्हावं. राज्यघटनेतही, कलम ३५० क मध्ये, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करावी असं आहे. शाळेत दोन शिक्षक असतील तर त्यातला एक तरी पोरांची बोली बोलणारा पाहिजे. आपल्यातली डी.एड. झालेली पोरं-पोरी घरी बसून आहेत, कोणी तर मुकादमाची वही लिहितात. ही मागणी आपण जोरात मांडली पाहिजे.

गुरुजींबद्दलही सरळ बोलू. सगळे गुरुजी कामचोर आहेत असं आम्ही म्हणणार नाही. राहायला खोली नाही, पावसात रस्ता तुटतो, चार वर्ग एकट्यानं, त्यात खिचडीचा हिशोब आणि रोज नवीन फॉर्म. आम्हाला शिकवणारे एक गुरुजी पाड्यावरच राहायचे, आमच्या बोलीत गोष्ट सांगायचे, मग तीच पुस्तकात वाचून घ्यायचे. आम्ही बारावीपर्यंत गेलो त्यात त्यांचा वाटा आहे. ते बदलून गेले आणि त्यांच्या जागी वर्षभर कोणी आलं नाही. म्हणून आपला दुसऱ्या गुरुजींसाठीचा लढा हा पहिल्या गुरुजींच्याही बाजूचा आहे. पण जो गुरुजी सोमवारी उशिरा येतो आणि शुक्रवारी लवकर जातो, त्याला विचारायचा हक्कही आपला आहे.

आणि आपण स्वतःला काय विचारणार? शाळा व्यवस्थापन समितीत आपण आहोत. कायद्याप्रमाणे तिच्यात चारातले तीन सभासद आई-बाप पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत. कागदावर ते सगळं आहे. पण ठराव कोण लिहितं? गुरुजी लिहितात आणि रजिस्टर घरोघर फिरतं, आपण अंगठा देतो. काय लिहिलंय विचारत नाही. एकाच पोराचं नाव पाड्यावरच्या शाळेत आणि आश्रमशाळेतही आहे, हे आपल्याला ठाऊक असतं, आपण गप्प बसतो. बकऱ्या राखायला पोर लागतं म्हणून आपणच त्याला घरी ठेवतो. उचल फेडायला जावं लागतं हे खरं, रोजगार हमीचं काम वेळेवर निघत नाही हेही खरं, त्यासाठी आपण भांडतोच आहोत. पण जेवढं आपल्या हातात आहे तेवढं तरी करू.

मग पहिली हरकत परत घेऊ. जमीन सोडून शाळेचं काय?

पहिलं. वनहक्काच्या दाव्याला जमातीचा दाखला लागतो. तो काढायला गेलं की साहेब विचारतात, शाळेचा दाखला आणा. पडताळणीला गेलं की त्याहून मागं जातात, ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. आपले आजे-पणजे शाळेची पायरी चढले नाहीत, पुरावा कुठून आणणार? आणि जे चढले त्यांच्या रजिस्टरात कोणी 'हिंदू' एवढंच लिहिलं, कोणी नुसतं 'कोळी' लिहिलं, जन्मतारीख गुरुजींनी अंदाजानं १ जून टाकली. त्या एका ओळीपायी नातवाचा दाखला अडतो. आज पहिलीत जाणाऱ्या पोराचं नाव, जमात, गाव, जन्मतारीख रजिस्टरात कशी पडते, हा पुढच्या पन्नास वर्षांचा पुरावा आहे. शाळा सोडल्यावर ती ओळ दुरुस्त करणं किती अवघड असतं, ते ज्यांनी हेलपाटे घातले त्यांना विचारा.

दुसरं. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयीसाठी जंगलजमीन देता येते, आणि त्या यादीत पहिलं नाव शाळेचं आहे. एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. "जंगलाची जागा आहे, शाळेला खोली बांधता येत नाही," असं कोणी सांगितलं तर हे कलम दाखवा.

आता काम. आम्ही आमच्या पाड्यावर सुरू केलंय, तुम्हीही करा.

१. एक शंभर पानी वही घ्या. घरोघर जाऊन सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक पोर लिहा. नाव, वय, मुलगा की मुलगी, जमात, घरची बोली, कितवीत, आणि आज कुठं आहे. पाड्यावर, आश्रमशाळेत, भट्टीवर, गुरांमागं. कातकरी वाडी आधी करा, शेवटी नको.

२. असं वर्षातून दोनदा करा. एकदा सप्टेंबरच्या शेवटी, सरकारच्या तारखेला. दुसऱ्यांदा होळीच्या आधी. दोन आकडे शेजारी ठेवले की सगळं कळतं.

३. त्याच वहीच्या मागच्या पानावर शाळा कोणत्या दिवशी उघडली, किती गुरुजी आले, नाही आले तर कोणत्या कामाला गेले, ते लिहा. चाडी म्हणून नको, गुरुजींना दाखवून लिहा. त्यांचंही काम त्यानं सोपं होईल.

४. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा व्यवस्थापन समितीने करायचा आहे. किती पोरं, किती जादा शिक्षक लागतील, ते त्यातच मांडायचं असतं. वहीतले आकडे त्यात घाला. ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, मगच अंगठा द्या.

५. पहिलीत नाव घालताना रजिस्टरातली ओळ वाचून घ्या. जमात पूर्ण लिहिली का, गावाबरोबर पाड्याचं नाव आलं का, ते बघा. चौथी सोडायच्या आधी परत एकदा बघा.

६. दुसरे शिक्षक नसतील तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार द्या. तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो. तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. जमिनीच्या वेळी हे शिकलोच आहोत.

होळीला माणसं भट्टीवरून येतील. ती तिसरीतली पोर पण येईल. तिची हजेरी कागदावर भरलेली असेल, ती चौथीत जाईल, कारण कायद्यात तिसरीत नापास करता येत नाही. पण तिला तिसरीचं पुस्तक वाचता येणार नाही. उद्या तिच्या नावानं जमिनीचा कागद आला तर तो तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागेल, आणि वाचणारा खरं वाचतो की खोटं, ते तिला कळणार नाही. आपल्या आज्यांचं असंच झालं. सावकारानं कागदावर काय लिहिलं ते त्यांना कळलं नाही आणि जमीन गेली.

आमच्या वहीत तिच्या नावापुढं आम्ही 'भट्टीवर' लिहिलं आहे. होळीच्या पुढच्या ग्रामसभेत वही उघडणार आहोत. गुरुजींना बोलावलं आहे, केंद्रप्रमुखांनाही पत्र दिलं आहे, पोच घेतली आहे. तुमच्या पाड्याची वही घेऊन तालुक्याच्या बैठकीला या. सगळ्या वह्या एकत्र ठेवू आणि मग साहेबांना विचारू, तुमचा पट खरा की आमचा?

जिंदाबाद!

— संघटनेचे तरुण कार्यकर्ते